तीस मीटरचा चौकोन

काळूच्या काठानं फिरतो आहोत,
मी आणि मोजपट्टी धरायला गुरुनाथ विशे.
मार्च महिना. नदी इतकी बारीक
की म्हशीही गुडघ्यापर्यंतच ओल्या.
अशा नदीपुढं उभं राहून पुराचं विचारायचं
म्हणजे झोपलेल्या माणसाच्या घरच्यांना
त्याच्या रागाबद्दल विचारण्यासारखं.

पण लोक सांगतात. हातानं सांगतात.
कुणी कमरेशी हात धरतं, कुणी गळ्याशी,
हसुराम घरत शिडी मागवतो,
चढून वाशाला बोट लावतो, "इथवर."
शाळेच्या भिंतीवर 'स्वच्छ गाव'मधल्या
'च्छ'च्या पोटातून गेलीय गढूळ रेघ.
मी उंची लिहिते.
दुकानातला फ्रीज कसा तरंगत गेला,
आतली अंडी शाबूत कशी राहिली,
हे सांगताना अजून हसतात.
किती वाजता चढलं, असं विचारलं
की हसणं थांबतं.
"भरती होती, ताई. खाडीनं दार लावलं,
मग नदी जाणार कुठं?"
मी लिहिते: उधाण. वेळ अनिश्चित.

रात्री ठाण्यात, कचेरीत, नकाशा उघडते.
निळा म्हणजे बुडणार,
पिवळा म्हणजे सांभाळून,
हिरवा म्हणजे झोपा निवांत.

कातकरी वाडी हिरवी.

पुन्हा पाहते. हिरवीच.
उपग्रह बघतो तीस मीटरच्या चौकोनात,
आणि अख्खी वाडी, सात घरं,
एक हातपंप, चिंचेखालची चूल,
एकाच चौकोनात मावते
मागच्या टेकाडाच्या कडेसकट.
टेकाड उंच, वाडी खोलगट.
दोघांची सरासरी निघाली
आणि वाडी कोरडी झाली.

बारकी मुकणे जाळ्याचं भोक सांधत होती.
मोबाइलवर तिला तिचं घर दाखवलं.
"हिरवं? मंग बरं हाय," ती म्हणाली,
"पान्याला दावा जाऊन."

मग न विचारताच सांगत गेली:
आधी नदीचा आवाज बसतो.
मग मुठे बिळं सोडतात, वर चढतात,
उंबरा ओलांडून चुलीमागं जमतात.
"मुठा घरात आला की भात टाकायचा न्हाय.
पोरं उचलायची."
आणि पाणी? मुठ्यामागून किती वेळानं?
दातात दोरा धरून तिनं विचार केला.
"जो भात टाकला न्हाय,
तो शिजंल येवढा."

आमच्याकडं पावसाचे आकडे आहेत,
धरणाचा विसर्ग, भरतीचं कोष्टक.
मुठ्यांसाठी रकाना नाही.

सातही उंबरे मोजले. एकेक.
शेवटच्या घराशी पट्टी बारकीनंच धरली,
गुरुनाथपेक्षा सरळ.
उंबरा, रस्त्यापासून: दोन मीटर दहा, खाली.

चौकोन फोडला. वाडी निळी केली.
साहेब म्हणाले, करा, पण माहीत आहे ना,
निळ्यात घरकुल मंजूर होत नाही.
तिकडं विटा येऊन पडल्यात.

ते मला माहीत नव्हतं.
बारकीला माहीत होतं.
मोजताना एकदाच म्हणाली होती,
"निळं केलंस तर घर कुठं बांधू, ते बी रंगव."

टेकाडावरची जागा वन खात्याची.
तिला कुठलाच रंग देता येत नाही.
मी अर्ज लिहिला. मग त्या अर्जाचं स्मरणपत्र.
विटांवर आता शेवाळ धरलंय.

जुलै. पहाटेचे सव्वातीन.
कोष्टकात भरती चार वाजून दहाला.
फोनवर गुरुनाथ, मागं पावसाचा आवाज,
आणि त्याही मागं कुणीतरी पोरांची नावं घेतंय,
मोजून, एकेक.
"ताई, बारकीबाई सांगायला लावतेय.
मुठा आलाय."

मी नकाशा उघडत नाही.
बोट ज्या क्रमांकावर जायला हवं,
तिथं जातं.
आणि मनात, मूर्खासारखी,
कुणाच्या तरी चुलीवर
तांदूळ मोजत राहते.